विकरे कशी काम करतात आणि कशाने मंदावतात : बटाटा, नाचणी आणि ऊस यांच्या साहाय्याने करून पाहण्याची पद्धत

नाचणीची पेज घट्ट झाली असताना तिच्यात आणखी पीठ घातले, तर ती अधिकच घट्ट होणार, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. मात्र ते पीठ मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे असेल आणि पेज चांगली गरम असेल, तर पाच-दहा मिनिटांत तीच पेज पळीवरून धार लागण्याइतकी पातळ होते. पाणी घातलेले नसते आणि विस्तवही वाढवलेला नसतो. मोड येताना दाण्यात तयार झालेले अमायलेज नावाचे विकर (म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा रेणू) पिष्टाच्या लांब साखळ्या जागोजाग तोडत जाते, आणि पेजेला घट्टपणा देणारे जाळेच विस्कटते.

बेळगाव परिसरात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवताना हा विषय शब्दांतच अडकतो, असा माझा अनुभव आहे. मुले दहावीपर्यंत ‘विकर’ म्हणतात, पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावीला) गेली की ‘एन्झाइम’ ऐकतात, आणि शेजारच्या कन्नड शाळेतील त्यांचे मित्र त्यालाच ‘किण्व’ म्हणतात. या तिन्हींत कन्नड शब्द मूळ अर्थाला सर्वांत जवळचा आहे. १८७० च्या दशकात विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने ‘एन्झाइम’ हा शब्द घडवला, तो ‘यीस्टमध्ये असलेले’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून. आणि किण्व म्हणजेही आंबवण्याचे द्रव्य. यीस्ट जिवंत असल्याखेरीज आंबण्याची क्रिया होत नाही, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसानेही साखरेपासून मद्यार्क तयार होतो हे दाखवून दिले आणि १९०७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून पुढील प्रयोग करताना ‘विकर मेले’ असे बोलण्याच्या ओघात म्हटले, तरी विकर हा जीव नाही, तो एक विशिष्ट आकार असलेला रेणू आहे, याचा विसर पडू देऊ नये.

आधी कार्यपद्धती समजून घ्यावी

जवळजवळ सर्व विकरे प्रथिने असतात. अमिनो आम्लांची लांब साखळी ठरावीक पद्धतीने दुमडून तिचा गोळा होतो, आणि त्या गोळ्यावर एका ठिकाणी लहानशी खोबण तयार होते. त्या खोबणीला क्रियास्थान म्हणतात आणि तिच्यात येऊन बसणाऱ्या पदार्थाला कार्यद्रव्य म्हणतात. १८९४ मध्ये एमिल फिशर यांनी या जोडीला कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती आजही पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलंड यांनी तिच्यात दुरुस्ती सुचवली : कार्यद्रव्य आत येताना खोबण स्वतःही थोडी हलते आणि त्याला नीट कवेत घेते. अथणीची नवी कातडी चप्पल चालता चालता पायाच्या मापाची होते, तसेच काहीसे हे आहे. फरक इतकाच की पाय बाहेर काढल्यावर चप्पल तशीच राहते, विकर मात्र मूळ आकारात परत येऊन पुढच्या रेणूसाठी मोकळे होते.

खोबणीत बसल्याने नेमके काय साधते? कोणतीही रासायनिक क्रिया घडण्यासाठी रेणूंना आधी ऊर्जेचा एक चढ चढावा लागतो. त्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात. बेळगावहून कोकणात उतरायचे तर सह्याद्रीचा माथा ओलांडावाच लागतो, परंतु चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट असल्यामुळे सर्वांत उंच शिखर चढावे लागत नाही. विकर म्हणजे असा घाट. निघण्याची जागा आणि पोहोचण्याची जागा तीच राहते, दोन्हींच्या उंचीतला फरकही तोच राहतो, केवळ मधला चढ कमी होतो. यातून दोन गोष्टी निघतात, आणि परीक्षेत बहुतेक मुले नेमकी तिथेच चुकतात. पहिली अशी की, मुळात घडू न शकणारी क्रिया विकर घडवून आणू शकत नाही. दुसरी अशी की, शेवटी किती माल तयार होणार हे विकर ठरवत नाही. तो किती लवकर तयार होणार, एवढेच त्याच्या हाती असते.

आकार हेच विकराचे सर्वस्व असल्याने त्याच्यावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे दोन प्रश्न घेऊन पाहावे : या गोष्टीमुळे खोबणीचा आकार किंवा तिच्यावरील विद्युतभार बदलतो का, आणि कार्यद्रव्य खोबणीपर्यंत किती वेळा येऊन आदळते? तापमान, सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH), संहती (द्रावणातील पदार्थाचे प्रमाण) आणि निरोधक (विकराचे काम अडवणारे पदार्थ) या चारही गोष्टींची उत्तरे या दोन प्रश्नांत सापडतात.

बटाट्याच्या रसाचा प्रयोग

आपल्या भागात बटाट्याला तोटा नाही, आणि त्याच्या रसात कॅटलेज नावाचे अतिशय वेगवान विकर असते. पेशींत तयार होणारे घातक हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करणे हे त्याचे काम. कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडू शकतो. त्यामुळे निकाल डोळ्यांदेखत मिळतो आणि मुलांचा धीर सुटत नाही.

पेरॉक्साइड औषधांच्या दुकानात मिळते. बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेले असेल तर ते सुमारे ६ टक्के असते. त्यात तेवढेच पाणी मिसळले की ३ टक्क्यांचे द्रावण तयार होते. ‘१० व्हॉल्यूम’ची बाटली मुळातच ३ टक्क्यांच्या आसपास असते. ते डोळ्यांत जाऊ देऊ नये, हाताला लागल्यास लगेच धुवावे, आणि फेस येत असलेल्या बाटलीला कधीही झाकण लावू नये. बाटली गडद रंगाची असते ती उगाच नव्हे, कारण उजेडात पेरॉक्साइड आपोआप फुटत राहते. एका वर्षी मी बाटली खिडकीत उघडी विसरलो, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर प्रयोग फसला. तासभर बटाट्याला दोष दिल्यानंतर खरे कारण लक्षात आले.

प्रथम शंभर ग्रॅम बटाटा सालीसकट किसावा, त्यात शंभर मिलिलिटर गार पाणी घालून चांगला चोळावा आणि पातळ फडक्यातून गाळून घ्यावा. हा रस बर्फाच्या भांड्यात ठेवावा, कारण बाहेर ठेवल्यास तो झपाट्याने तपकिरी होतो आणि त्याची ताकदही घटत जाते. (तपकिरी रंग हेही एका वेगळ्या विकराचे, पॉलिफिनॉल ऑक्सिडेजचे, काम आहे. कापलेले वांगे काळे पडते ते त्याच्यामुळेच.) नंतर टिपकागदाला भोके पाडायच्या पंचने एकसारख्या चकत्या पाडाव्यात. काचेच्या अरुंद पेल्यात पाच सेंटिमीटर उंचीपर्यंत ३ टक्क्यांचे पेरॉक्साइड घ्यावे. चिमट्याने एक चकती रसात पाच सेकंद बुडवावी, जादा रस कागदावर टिपावा आणि चकती पेल्याच्या तळाशी नेऊन सोडावी. चकतीवर ऑक्सिजनचे बुडबुडे साठू लागतात आणि काही वेळाने ती उचलली जाऊन वर येते. सोडल्यापासून वर येईपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजावा. प्रत्येक मापन तीन वेळा घेऊन सरासरी काढावी, आणि काचेला चिकटलेली चकती सरळ बाद करावी.

वेळ आणि वेग यांचे नाते उलटे असते. दहा सेकंद लागले तर वेग ०.१ आणि वीस सेकंद लागले तर ०.०५ असे मांडल्यावरच आलेख नीट समजतो. याशिवाय साध्या पाण्यात बुडवलेली एक चकती प्रत्येक वेळी सोडून पाहावी. ती वर आली, तर बुडबुड्यांचे कारण विकराबाहेर कुठेतरी आहे असे समजावे. ही पाण्याची चकती अनेक जण कंटाळून वगळतात, आणि तिच्यावाचून बाकीच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

संहतीपासून सुरुवात करावी. आधी पेरॉक्साइड तेच ठेवून रस पूर्ण, निम्मा आणि पाव असा पातळ करत जावा. विकर कमी होईल तसा वेग घटत जाईल. मग रस तोच ठेवून पेरॉक्साइड ०.७५, १.५ आणि ३ टक्के असे वाढवावे. येथे वेग वाढतो, परंतु दुप्पट पेरॉक्साइडला दुप्पट वेग मिळेलच असे नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गळीत हंगामात हेच दिसते. ट्रॅक्टर तुरळक येत असतात तोवर, जास्त ट्रॅक्टर आले की जास्त वजने होतात. पण एकदा रस्त्यापर्यंत रांग लागली की आणखी शंभर ट्रॅक्टर आले तरी तासाला होणारी वजने वाढत नाहीत, कारण तेव्हा सगळा वेग काट्याचा असतो. विकराच्या सगळ्या खोबणी भरलेल्या असणे म्हणजे ही रांग. १९१३ मध्ये लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी हाच संबंध समीकरणात बांधला.

तापमानाचे दोन वेगळे प्रश्न

तापमानाच्या बाबतीत शाळांमधील प्रयोग सर्वाधिक फसतात, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. रस ६० अंशांवर तापवला, त्यात चकती बुडवली आणि ती साध्या पेरॉक्साइडमध्ये सोडली, तर क्रिया ६० अंशांवर झालेली नसते. ती पेल्याच्या तापमानालाच झालेली असते. या मांडणीतून रस तापल्यामुळे विकराचे किती नुकसान झाले एवढेच कळते. क्रियेचा वेग तापमानानुसार कसा बदलतो हे जाणून घ्यायचे असेल, तर रस आणि पेरॉक्साइड दोन्ही एकाच तापमानाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून मग एकत्र आणावे लागतात. म्हणून हा प्रयोग दोन भागांत करावा.

पहिल्या भागात रसाचे पाच वाटे करून एक तसाच ठेवावा आणि उरलेले अनुक्रमे ४०, ५०, ६० आणि ७० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत. नंतर सर्व वाटे खोलीच्या तापमानाला आणून चकत्या सोडाव्यात. यासाठी प्रयोगशाळेतील तापमापी वापरावी. ताप मोजायची पाऱ्याची तापमापी ४२ अंशांच्या पुढे फुटण्याची भीती असते. चाळीस अंशांचा रस जवळजवळ पूर्ववत काम करतो, साठच्या पुढे मात्र चकती तळाशीच बसून राहते. उष्णतेने प्रथिनाच्या घड्या धरून ठेवणारे दुबळे बंध सुटतात, साखळी मोकळी होते आणि खोबण नाहीशी होते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग गार केल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसाच हा रस गार करूनही सुधारत नाही. ‘उकळत्या पाण्यात’ असे वहीत लिहिताना १०० अंश लिहू नये, ही एक बारीक सूचना. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साधारण ९७-९८ अंशांनाच उकळते.

दुसऱ्या भागात दोन्ही द्रव १५, २५ आणि ३५ अंशांवर आणून वेग मोजावा. बहुतेक विकरांचा वेग दर दहा अंशांना साधारण दीडपट ते दुप्पट वाढतो. कॅटलेजच्या बाबतीत वाढ याहून कमी दिसते, कारण त्याने मधला चढ आधीच फार खाली आणलेला असतो आणि उष्णतेच्या मदतीची गरज थोडीच उरते. निकाल पुस्तकाप्रमाणे आला नाही म्हणून आकडे खोडून दुप्पट लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत; त्यांनी मूळ आकडा तसाच ठेवून कारण लिहिले असते, तर त्यांना अधिक गुण दिले असते.

थंडीचा परिणाम याहून निराळा आहे. फ्रिजमधील रस मंद चालतो, पण बाहेर काढल्यावर पूर्ववत होतो. थंडीत रेणूंची धावपळ कमी झालेली असते, आकार मात्र शाबूत असतो.

सामू आणि निरोधक

शेतकऱ्यांना माती परीक्षणाच्या पत्रिकेमुळे सामू हा शब्द परिचयाचा असतो. खोबणीतील अमिनो आम्लांवरचे विद्युतभार सामूनुसार बदलतात, आणि भार बदलले की कार्यद्रव्य नीट बसत नाही. रसात व्हिनेगरचे थेंब एकेक करून मिसळत जावे, सामू-कागदाने सामू पाहावा आणि चकतीचा वेळ मोजावा. आम्लता वाढेल तसे कॅटलेज मंदावते. लिंबूही चालते, परंतु त्यातील क जीवनसत्त्व स्वतःच काही क्रियांत भाग घेत असल्याने येथे मी व्हिनेगर पसंत करतो. खाण्याचा सोडा वापरून दुसरी बाजूही पाहता येते. फक्त सोडा आणि आम्ल एकत्र येऊ देऊ नयेत, अन्यथा कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे चकती वर आणतील आणि श्रेय विकराला मिळेल. प्रत्येक विकराचा सोयीचा सामू वेगळा असतो : लाळेतील अमायलेजला ७ च्या जवळचा, जठरातील पेप्सिनला २ च्या आसपासचा, तर आतड्यातील ट्रिप्सिनला ८ च्या जवळचा सामू मानवतो. त्यामुळे घासाबरोबर गिळलेले अमायलेज जठरातील आम्लाने लवकरच निकामी होते.

निरोधक दोन प्रकारांनी अडवणूक करतात. काही कार्यद्रव्यासारखेच दिसतात आणि खोबणीत जाऊन बसतात; कार्यद्रव्य वाढवले की त्यांना बाजूला सारता येते. काही दुसरीकडे चिकटून खोबणीचा आकारच बिघडवतात, आणि त्यांच्यापुढे कार्यद्रव्य कितीही वाढवले तरी उपयोग होत नाही. काही निरोधक तर एकदा चिकटले की सुटतच नाहीत. याचा प्रयोग घरी करू नये, पण त्याचे उदाहरण आपल्या द्राक्षबागांत आणि भाजीच्या मळ्यांत रोजचे आहे. ऑर्गेनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेतील अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज या विकराच्या खोबणीत घट्ट बसतात, आणि हेच विकर माणसातही असते. फवारणी करताना घाम व लाळ सुटणे, बाहुल्या बारीक होणे, दम लागणे ही लक्षणे दिसली, तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

नाचणीची पेज

आता सुरुवातीच्या पेजेकडे वळू. नाचणी रात्रभर भिजत घालावी, फडक्यात बांधून दोन दिवस मोड आणावेत, उन्हात खडखडीत वाळवून मोड चोळून काढावेत. तिचे दोन वाटे करावेत : एक तसाच दळावा, दुसरा तव्यावर तपकिरी होईपर्यंत खरपूस भाजून दळावा. मग पन्नास ग्रॅम साध्या नाचणीच्या पिठाची तीनशे मिलिलिटर पाण्यात घट्ट पेज शिजवावी, दोन भांड्यांत वाटून ६०-६५ अंशांपर्यंत निवू द्यावी आणि एकेका भांड्यात एकेक पीठ चमचाभर घालून ढवळत राहावे. न भाजलेल्या पिठाची पेज पातळ होते, खरपूस भाजलेल्या पिठाची होत नाही किंवा फारच थोडी होते. भाजल्याने खमंग वास मिळाला आणि विकर गेले, असा हा व्यवहार आहे.

बटाट्याचे कॅटलेज साठ अंशांच्या पुढे हरले आणि नाचणीचे अमायलेज त्याच तापमानाला जोमाने चालले, हे एकाच दिवशी पाहिलेल्या मुलाला ‘सर्व विकरांना ३७ अंश योग्य’ हे वाक्य पुन्हा लिहवत नाही. शिवाय अमायलेजचा आकार टिकायला कॅल्शियम लागते, आणि नाचणीत ते मुबलक असते.

तोडलेल्या उसाचे काय होते

चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक या तालुक्यांत हा विषय पैशाचा आहे. उसात इन्व्हर्टेज हे विकर असते. ऊस वाढत असताना साखर फोडून वाढीसाठी वापरायला त्याचा उपयोग होतो, पण तोड झाल्यावरही ते थांबत नाही. सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत राहते. या दोन्ही साखरा गोडच असतात, मात्र कारखान्यात त्यांचे स्फटिक होत नाहीत आणि त्या मळीत जातात. शिवाय कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात आणि स्वतःच्या विकरांनी सुक्रोजपासून डेक्स्ट्रन हा चिकट पदार्थ बनवतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात यार्डात उभ्या असलेल्या ट्रॉलीत या सगळ्याला वेग येतो.

यावर करायचे ते असे. तोड आणि गाळप यांत शक्यतो २४ तासांहून अधिक अंतर पडू देऊ नये. वाढे नीट तोडावेत, कारण शेंड्याकडच्या कोवळ्या पेरांत इन्व्हर्टेज जास्त असते. ऊस थांबणारच असेल तर सावलीत रचावा, पाचटाने झाकावा आणि वरून पाणी शिंपडावे. ब्रिक्सच्या आकड्यावर मात्र विसंबून राहू नये. ब्रिक्स एकूण विरघळलेले पदार्थ दाखवते. सुक्रोज फुटले तरी ते घटत नाही, आणि ऊस सुकला तर उलट वाढलेले दिसते. खरे नुकसान पोल, म्हणजे रसातील सुक्रोजचे प्रमाण, तपासल्यावरच कळते.

गुऱ्हाळात रस काहिलीत उकळू लागला की इन्व्हर्टेज निकामी होते, पण साखर फुटण्याचे थांबत नाही. उसाचा रस मुळात आम्लधर्मी, सामू पाच ते साडेपाचच्या आसपास, आणि गरम आम्लात सुक्रोज विकराविनाही फुटते. तशी साखर जास्त झालेला गूळ मऊ राहतो, हवेतले पाणी ओढतो आणि पावसाळ्यात पाझरतो. त्यासाठी गुळवे रसात चुन्याची निवळी घालून आम्लता मोडतात, आणि ती थोडी जरी जास्त झाली तरी गुळाचा रंग काळपट होतो.